यिशिंगच्या मातीच्या चहादाण्या: संग्रह, पारख आणि लिलावातील किमती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

यिशिंगची चहादाणी म्हणजे नेमके काय?

चीनच्या जिआंग्सू प्रांतात, ताई सरोवराच्या पश्चिमेला, यिशिंग हे शहर आहे. त्याच्या हद्दीतील दिंगशू या गावात गेली सुमारे पाच शतके बिनझिलईच्या, तपकिरी, जांभळट किंवा तांबड्या रंगाच्या लहान चहादाण्या घडवल्या जातात. त्यांच्यासाठी लागणारी झिशा नावाची माती शेतात किंवा नदीकाठी मिळत नाही. ती ह्वांगलाँग डोंगराच्या पोटातून खडकाच्या रूपात काढावी लागते. हा खडक उघड्यावर ऊन-पाऊस खात पडून राहतो आणि आपोआप फुटतो, मग तो दळून, चाळून, पाण्यात कालवून बराच काळ मुरवला जातो. झिशा मातीत लोहाचे प्रमाण भरपूर असते, शिवाय क्वार्ट्झ आणि अभ्रकाचे कणही असतात, त्यामुळे साधारण 1100 ते 1200 अंश सेल्सिअसला भाजल्यावर भांडे टणक होते, पाणी झिरपू देत नाही आणि तरीही त्याच्या अंगात सूक्ष्म छिद्रे उरतात.

संग्राहकांच्या बोलण्यात मातीचे तीन मुख्य प्रकार येतात: जांभळट झीनी, तांबडी झूनी आणि पिवळसर दुआननी. झूनी भट्टीत फार आकसते आणि तडकते, म्हणून तिच्या जुन्या चहादाण्या बहुधा तळहातावर मावतील एवढ्याच असतात.

चहा तर चीनमध्ये फार प्राचीन आहे. मग चहादाणी इतक्या उशिरा का आली?

कारण त्याआधी तिची गरज नव्हती. थांग आणि सुंग घराण्यांच्या काळात (सातवे ते तेरावे शतक) चहाच्या दाबून केलेल्या वड्या दळल्या जात आणि ती पूड उकळून किंवा वाडग्यात घुसळून प्यायली जाई. मिंग घराण्याच्या संस्थापक सम्राटाने 1391 मध्ये दरबारी खंडणीतील या वड्या बंद करून सुट्या पानांचा चहा पाठवण्याचा हुकूम काढला. सुटी पाने गरम पाण्यात मुरवायची आणि पाणी गाळून ओतायचे, तर झाकण, तोटी आणि मूठ असलेले भांडे लागते. नानजिंगजवळ वू जिंग नावाच्या खोजा (खच्ची केलेल्या) दरबारी अधिकाऱ्याच्या 1533 मधील थडग्यात सापडलेली, वरून कमानीसारखी मूठ असलेली चहादाणी ही काळ निश्चित सांगता येणाऱ्या यिशिंग चहादाण्यांतील सर्वांत जुनी मानली जाते. ती दिसायला ओबडधोबडच आहे.

ही भांडी चाकावर घडवत नाहीत, हे खरे आहे का?

होय, आणि किमतीचे अर्धे कारण इथेच आहे. कारागीर मळलेल्या मातीचा गोळा लाकडी मोगरीने भाकरीसारखा थापून एकसारख्या जाडीचा पत्रा करतो. त्यातून एक लांब पट्टी आणि तळ व माथ्यासाठी दोन चकत्या कापल्या जातात. पट्टी गोल वळवून तिची टोके चिकटवली, की सरळ नळकांडे तयार होते. ते छोट्या फिरत्या पाटावर ठेवून कारागीर डाव्या हाताची बोटे आतून टेकवतो आणि उजव्या हातातील पातळ लाकडी थापीने बाहेरून हलके ठोके देत राहतो. प्रत्येक ठोक्याबरोबर पाट थोडासा फिरतो आणि नळकांड्याचा काठ हळूहळू आत वळतो. एक बाजू मिटली, की भांडे उलटे करून दुसरी बाजू तशीच मिटवायची. तोटी, मूठ आणि झाकण वेगळे घडवून पातळ केलेल्या मातीने जोडले जातात. शेवटी बैलाच्या शिंगापासून केलेल्या लवचिक पातीने सगळे अंग घोटले जाते, त्यामुळे जाड कण आत दबतात, बारीक कण वर येतात आणि झिलई नसतानाही पृष्ठभागाला मंद तुकतुकी येते. चौकोनी चहादाण्या मात्र थापून नव्हे, तर कापलेले पत्रे कोनात जोडून घडवतात आणि त्या भट्टीत वाकण्याचा धोका अधिक असतो.

पूर्ण हाताने घडवलेल्या या प्रकाराशिवाय बाजारात आणखी दोन प्रकार आहेत. एकात भांड्याचे अंग साच्यात दाबून घेतात आणि बाकीचे काम हाताने करतात. दुसऱ्यात पातळ माती साच्यात ओतून सगळेच ओतीव काढतात. पहिला प्रकार प्रामाणिकपणे सांगून विकला तर त्यात गैर काही नाही. विसाव्या शतकातील कारखान्यांतून निघालेल्या कितीतरी चांगल्या चहादाण्या तशाच आहेत. संग्राहकाच्या दृष्टीने ओतीव चहादाणीला मोल नाही.

संग्राहक ज्यांची नावे घेतात ते कारागीर कोण?

परंपरा गोंग चुन या नावापासून सुरू होते. सोळाव्या शतकाच्या आरंभी तो एका विद्वान अधिकाऱ्याच्या घरी नोकर होता. मालक एका मठात अभ्यासाला राहिला असताना तो तिथल्या भिक्षूकडून ही कला शिकला आणि जिन्को वृक्षाच्या गाठाळ खोडासारखी चहादाणी त्याने घडवली, अशी कथा आहे. मिंग काळाच्या उत्तरार्धातील शी दाबिन हा मात्र दंतकथेतला नाही. फूजिआन प्रांतात 1610 च्या सुमारास दफन झालेल्या एका उपमंत्र्याच्या थडग्यातून त्याच्या नावाची चहादाणी 1987 मध्ये निघाली. असे उत्खननातील नमुने मोजकेच आहेत आणि शी दाबिनचे म्हणून पुढे येणारे प्रत्येक भांडे शेवटी त्यांच्याशीच ताडून पाहावे लागते. सतराव्या शतकाच्या अखेरीस चेन मिंगयुआन याने फळे, शेंगा, झाडाची खोडे यांचे हुबेहूब आकार घडवले.

माझ्या मते या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वळण चेन मानशेंग (1768–1822) याच्यामुळे आले, आणि तो कुंभार नव्हताच. तो यिशिंगशेजारच्या लीयांगचा दंडाधिकारी, सुलेखनकार आणि शिक्के कोरणारा कलावंत होता. त्याने साध्या, भौमितिक आकारांचे आराखडे केले, यांग पेंगनियान आणि त्याच्या कुटुंबीयांनी ते मातीत उतरवले, आणि भांड्याच्या ओल्या अंगावर मानशेंगने व त्याच्या मित्रांनी चहाविषयीच्या छोट्या ओळी कोरल्या. विहिरीच्या कठड्यासारखा, अर्धचंद्रासारखा, रुंद बुडाचा शीपियाओ असे त्यातले आकार आजही घडवले जातात. तेव्हापासून चहादाणी हे सुलेखन, काव्य आणि कुंभारकाम यांचे एकत्र माध्यम झाले, आणि चित्रे व सुलेखन जमवणारा श्रीमंत वर्ग तिच्याकडे वळला. शांघायचा चित्रकार तांग युन याच्या संग्रहात मानशेंगच्या आठ चहादाण्या होत्या, आणि त्याने आपल्या अभ्यासिकेचे नावच त्या आठांवरून ठेवले होते.

एकोणिसाव्या शतकातील शाओ दाहेंग आणि विसाव्या शतकातील गू जिंगझोऊ (1915–1996) ही त्यापुढची दोन मोठी नावे.

सर्वाधिक किमती कोणत्या चहादाण्यांना मिळाल्या?

ज्या दोन लिलावांचा उल्लेख वारंवार होतो, ते दोन्ही गू जिंगझोऊचे आहेत. 1948 मध्ये त्याने शीपियाओ आकाराच्या पाच चहादाण्या घडवल्या. त्यांवर वू हूफान आणि जिआंग हानदिंग या शांघायच्या चित्रकारांची चित्रे व सुलेखन कोरले गेले आणि त्या मित्रमंडळींत वाटल्या गेल्या. त्यांपैकी दाई श्यांगमिंग या स्नेह्याला दिलेली चहादाणी 2010 मध्ये बीजिंगच्या चायना गार्डियन या लिलावगृहात 1 कोटी 23 लाख 20 हजार युआनला गेली. तेव्हाच्या दराने ती रक्कम आठ कोटी रुपयांच्या पुढे जाते. एका मातीच्या चहादाणीने कोटी युआनचा टप्पा ओलांडल्याची बातमी चीनभर झाली.

पाच वर्षांनी, 2015 मध्ये, बीजिंगच्याच दाँगझेंग लिलावगृहात गू जिंगझोऊचा खारींच्या आणि द्राक्षांच्या नक्षीचा दहा नगांचा चहासंच 9 कोटी 20 लाख युआनला विकला गेला, म्हणजे त्या वेळचे 90 कोटी रुपयांहून अधिक. ही किंमत एका चहादाणीची नसून संचाची आहे, हे बातम्यांच्या मथळ्यांत बहुधा सुटून जाते.

जाहीर होणारी किंमत विकणाऱ्याच्या हाती पडते का?

नाही. चिनी लिलावगृहे जी रक्कम जाहीर करतात तिच्यात खरेदीदाराने वर भरायची दलाली धरलेली असते. वरची उदाहरणे उलगडून पाहावीत: 1 कोटी 10 लाख युआनवर हातोडा पडला (म्हणजे शेवटची बोली ठरली) आणि त्यावर 12 टक्के चढले, की 1 कोटी 23 लाख 20 हजार होतात, 8 कोटींवर 15 टक्के चढले, की 9 कोटी 20 लाख होतात. विकणाऱ्याला हातोड्याची रक्कम मिळते, आणि तीतूनही त्याच्या बाजूची दलाली, विमा, छायाचित्रे यांचा खर्च व कर वजा होतात. शिवाय चीनमधील लिलावांत बोली जिंकूनही पैसे न भरण्याचे प्रकार अनेकदा घडलेले आहेत. म्हणून एखाद्या वर्षाच्या विक्रमी आकड्यावरून आपल्या घरातील वस्तूची किंमत काढू नये. तीच वस्तू पुन्हा बाजारात आली तर ती कितीला जाते, हा आकडा अधिक खरा असतो.

मातीच्या वस्तूला एवढे पैसे का मोजले जातात?

पैसे मातीचे नसतात. हाताचे आणि त्यामागच्या कागदोपत्री वंशावळीचे असतात. 1948 च्या त्या चहादाणीत घडवणारा, चित्र व सुलेखन करणारा आणि भेट स्वीकारणारा यांची नावे ज्ञात आहेत, सोबत घडवलेल्या बाकीच्या चहादाण्या ज्ञात आहेत आणि ती चहादाणी कोणाकडून कोणाकडे गेली हे सांगता येते. त्याच काळातील तितकीच सुंदर, परंतु अनाम चहादाणी तिच्या शतांश किमतीलाही जाणार नाही.

दुसरे कारण बाजाराच्या इतिहासात आहे. व्हिटासॉय या सोयादूध कंपनीचे संस्थापक आणि हाँगकाँगचे संग्राहक डॉ. लो क्वी-सियाँग यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून यिशिंगच्या कारागिरांना उत्तम, स्वाक्षरीयुक्त चहादाण्यांची मागणी नोंदवली. कारखान्यात नगावर मजुरी घेणाऱ्या कारागिरांना आपल्या नावाने काम करण्याची संधी त्यातून मिळाली. पाठोपाठ तैवानमध्ये चहागृहांची लाट आली आणि तिथल्या संग्राहकांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस व 1990 च्या आरंभी किमती अनेक पटींनी चढवल्या. चीनच्या मुख्य भूमीवरचा पैसा नंतर आला आणि 2010 ते 2015 या काळात बाजार कळसाला पोहोचला. 2012 च्या अखेरीस सुरू झालेल्या भ्रष्टाचारविरोधी मोहिमेने महागड्या भेटवस्तूंना चाप बसला आणि हयात कारागिरांच्या फुगलेल्या किमती उतरल्या. दिवंगत मोठ्या नावांना त्याची झळ तितकी बसली नाही.

कारागिरांच्या सरकारी पदव्यांना किती महत्त्व द्यावे?

चीनमध्ये हस्तकला कारागिरांना राष्ट्रीय स्तरावरील उस्तादापासून साहाय्यक कारागिरापर्यंत अधिकृत श्रेणी दिल्या जातात, आणि दुकानातील किंमत पुष्कळदा त्या श्रेणीवरच ठरते. श्रेणी परीक्षा, प्रदर्शने आणि शोधनिबंध यांवर मिळते, पण समोरच्या भांड्याची तोटी नीट बसली आहे की नाही हे ती सांगत नाही. शिवाय बड्या नावाच्या कार्यशाळेत दुसऱ्याने घडवलेल्या भांड्यावर उस्तादाचा शिक्का मारण्याची प्रथा उघड गुपित आहे. पदवी पाहून केलेल्या खरेदीत पदवीचेच पैसे जातात, असे माझे मत आहे.

तळाशी शिक्का आहे. म्हणजे चहादाणी अस्सल समजावी का?

नाही. शिक्का सर्वांत शेवटी पाहावा. तो सहसा तळाशी, झाकणाच्या आत आणि मुठीच्या खाली असतो, आणि तिन्ही ठिकाणचे शिक्के बनावट असू शकतात. यिशिंगमध्ये जुन्या उस्तादांचे नाव लावणे ही शतकानुशतके चालत आलेली रीत आहे. हुई मेंगचेन या सतराव्या शतकातील कारागिराचे नाव लहान तांबड्या चहादाण्यांवर पुढे एवढे सर्रास कोरले गेले, की ते एका प्रकाराचेच नाव होऊन बसले. खुद्द गू जिंगझोऊनेही तरुणपणी, 1930 च्या दशकात, शांघायच्या एका पुराणवस्तू व्यापाऱ्यासाठी जुन्या उस्तादांच्या नकला घडवल्या होत्या. त्या पुढे अस्सल म्हणून संग्रहांत गेल्या. आज सर्वाधिक नकला त्याच्याच होतात.

बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयातील ‘गोंग चुन चहादाणी’चे प्रकरण या संदर्भात शिकण्यासारखे आहे. यिशिंगचे एक मान्यवर चू नानच्यांग यांना ती 1920 च्या दशकात सूचौ येथील जुन्या वस्तूंच्या एका गाळ्यात मिळाली. मुठीजवळ गोंग चुनचे नाव होते, पण मूळ झाकण हरवलेले होते. ह्वांग युलिन या नामांकित कारागिराने तिच्यासाठी केलेले झाकण भोपळ्याच्या देठासारखे होते. भांडे झाडाच्या गाठीचे आणि झाकण भोपळ्याचे, ही विसंगती चित्रकार ह्वांग बिनहाँग यांनी दाखवल्यावर पेई शीमिन या दुसऱ्या कारागिराने गाठाळ झाकण नव्याने केले. भांडे मुळात सोळाव्या शतकातील आहेच का, याविषयी जाणकारांत आजही एकमत नाही, आणि शंका घेणाऱ्यांत गू जिंगझोऊही होता.

हातात घेतल्यावर नेमके काय तपासावे?

आधी झाकण काढून आत पाहावे. हाताने घडवलेल्या भांड्यात मुठीच्या बाजूला पट्टीच्या सांध्याची उभी खूण, तळ आणि भिंत जुळतात तिथे हाताने घोटल्याच्या रेषा आणि तोटीच्या मुळाशी टोचलेल्या भोकांचे किंचित असमान काठ दिसतात. मात्र काही जण साच्यातील भांड्यातही अशा खुणा मुद्दाम करतात, त्यामुळे एका खुणेवर निकाल देऊ नये. झाकण फिरवताना ते एका जागी अडकता कामा नये. पाणी भरून ओतावे: धार अखंड हवी आणि थांबवताना तोटीखाली ओघळ येऊ नये. झाकणाच्या बोंडावरील छिद्र बोटाने दाबल्यावर धार थांबणे हे झाकण नीट बसल्याचे लक्षण आहे, पण जुन्या चहादाण्यांकडून ही अपेक्षा करू नये. तोटीचे टोक, भांड्याचा काठ आणि मुठीचा माथा एका पातळीत असावेत हा नियमही सरळ तोटीच्या काही आकारांपुरताच आहे.

झाकणाने काठावर टकटक करून नाद ऐकण्याची सवय विक्रेत्यांना असते. तिने काठाचे टवके उडतात, आणि नादावरून फार तर भाजणी कळते. आपल्या वस्तूला कोणाला तसे करू देऊ नये.

भडक जांभळ्या, गडद हिरव्या किंवा निळ्या रंगाच्या मातीपासून दूर राहावे. साध्या मातीत लोह व मँगनीजची संयुगे मिसळून झिशा म्हणून विकण्याचा प्रकार चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने 2010 मध्ये उघडकीला आणला होता. जुनेपणा दाखवण्यासाठी बुटाचे पॉलिश किंवा मेण चोळतात. गरम पाणी ओतल्यावर वास येतो.

खाणी बंद झाल्या, म्हणून अस्सल माती संपली का?

ह्वांगलाँग डोंगरातील उत्खनन या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने थांबवले हे खरे, परंतु कारागिरांनी व कारखान्यांनी साठवलेली माती अजून वापरात आहे. ‘शेवटची माती’ ही विक्रेत्यांची आवडती जाहिरात आहे. तिच्यावर जास्त पैसे खर्चू नयेत.

मोठे भांडवल नसेल तर सुरुवात कोठून करावी?

दोन मार्ग मला योग्य वाटतात. पहिला, 1960 ते 1980 च्या दशकांतील यिशिंगच्या ‘क्रमांक 1’ नावाच्या कारखान्यातील चहादाण्या. त्यांच्या तळाशी व्यक्तीऐवजी ‘चीन यिशिंग’ असा चौकोनी शिक्का असतो, माती बहुधा चांगली असते आणि शिक्क्यांच्या प्रकारांवर व कालक्रमावर संग्राहकांनी बरेच काम केलेले आहे. अर्थात त्यांच्याही नकला आहेत. दुसरा, बुडालेल्या जहाजांतून निघालेला माल. मलेशियाच्या किनाऱ्याजवळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बुडालेल्या देसारू जहाजात यिशिंगच्या चहादाण्या मोठ्या संख्येने सापडल्या. समुद्रात राहून त्यांची तुकतुकी गेलेली असते आणि पुष्कळांची झाकणे हरवलेली असतात, पण त्यांचा काळ वादातीत असतो, आणि शिकणाऱ्याला त्याहून उपयोगी काही नाही.

या चहादाणीत आपला दुधाचा चहा करता येईल का?

करू नये. आले-वेलची घालून उकळलेला चहा पातेल्यातच करावा. ही चहादाणी विस्तवावर ठेवायची नसते. दुधाचे स्निग्धांश मातीच्या छिद्रांत बसले, की वास जात नाही. ऊलाँग व पू-अर हे चिनी चहा किंवा बिनदुधाचा काळा चहा तिच्यासाठी योग्य, आणि एका भांड्यात शक्यतो एकाच जातीचा.

वापरून झाल्यावर गरम पाण्याने विसळावे, झाकण उघडे ठेवून वाळवावे, साबण लावू नये. वर्षानुवर्षांच्या वापराने अंगावर जो ओप चढतो तो संग्राहकांना प्रिय असतो. पुराणवस्तू म्हणून विकत घेतलेले भांडे मात्र घासून ‘स्वच्छ’ करण्यापूर्वी जाणकाराला दाखवावे, कारण एकदा गेलेला ओप परत येत नाही.

चीनमधून जुनी चहादाणी भारतात आणता येते का?

1911 पर्यंतच्या सांस्कृतिक वस्तू चीनबाहेर नेण्यास तिथल्या नियमांनुसार पूर्ण बंदी आहे आणि 1949 पर्यंतच्या महत्त्वाच्या वस्तूही तत्त्वतः अडवल्या जातात. म्हणून चीनमधील बाजारात कोणी ‘छिंग काळातील’ (चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळातील) चहादाणी बॅगेत घालून नेण्यास सुचवत असेल, तर ती नकली तरी आहे किंवा नेणे बेकायदा तरी आहे. जुन्या वस्तू हाँगकाँग, सिंगापूर, लंडन येथील नोंदणीकृत लिलावगृहांतून, बिल आणि मालकीच्या इतिहासासह घ्याव्यात. आयात शुल्काची चौकशी बोली लावण्यापूर्वीच सीमाशुल्क दलालाकडे करावी. भारतात आल्यानंतर शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुन्हा परदेशी विकायला नेताना 1972 चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम आड येऊ शकतो, हेही खरेदीच्या वेळीच लक्षात घ्यावे.

अस्सल नमुने कोठे पाहता येतील?

हाँगकाँगच्या फ्लॅगस्टाफ हाउस या चहाभांड्यांच्या संग्रहालयात. ते 1984 मध्ये सुरू झाले आणि त्याचा पाया डॉ. लो यांनी दिलेल्या संग्रहावर उभा आहे. नानजिंगमध्ये वू जिंगच्या थडग्यातील चहादाणी आहे, आणि शांघाय संग्रहालयात मानशेंगच्या चहादाण्या आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेली चिनी भांडी आहेत. तिथला भर चिनी मातीच्या झिलईदार कामावर आहे, तरीही हाताने घडवलेल्या भांड्याची कड, बुड आणि तोल कसा पाहावा, याचा सराव तिथे चांगला होतो.